‘डो-आइड’ : एका इंग्रजी विशेषणाच्या अर्थच्छटा व त्याचे मराठी रूपांतर

इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत नायिकेच्या किंवा लहान मुलाच्या डोळ्यांचे वर्णन करताना ‘डो-आइड’ हे विशेषण वारंवार आढळते. ‘डो’ म्हणजे हरिणाची मादी आणि ‘आइड’ म्हणजे डोळे असलेला किंवा असलेली. म्हणजे हरिणीसारखे डोळे जिला आहेत ती. मराठी अनुवादकासमोर हा शब्द आला की त्याची लेखणी सहजच ‘हरिणाक्षी’ अथवा ‘मृगनयनी’ ह्या शब्दांकडे वळते. शब्दास शब्द चोख लागला, प्राणीही तोच, अवयवही तोच. मग शंकेला जागा कोठे उरली? वस्तुतः शंकेची जागा नेमकी येथेच आहे. दोन भाषांनी एकाच प्राण्याच्या एकाच अवयवाकडे पाहिले, परंतु त्या अवयवात त्यांना दिसलेला भाव एक नव्हता. इंग्रजीची हरिणी निष्पाप आहे. संस्कृतची हरिणी भ्यालेली आहे. ‘हरिणाक्षी’ हा ‘डो-आइड’चा पर्याय म्हणून वापरला असता रूप टिकते व भाव निसटतो.

प्रथम शब्दाच्या घडणीविषयी. ‘डो-आइड’ची रचना संस्कृत वैयाकरणांच्या परिचयाची आहे. पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञही अशा सामासिक शब्दांना ‘बहुव्रीही’ हेच नाव देतात. त्यांनी संस्कृत व्याकरणातून जशीच्या तशी उचललेली जी थोडी नावे आहेत त्यांपैकी हे एक. ‘मृगाक्षी’ ह्या शब्दात खरे पाहता मृगाची तुलना स्त्रीच्या डोळ्यांशी नाही. मृगाच्या डोळ्यांची तुलना आहे. एक ‘डोळे’ हे पद मधून गळलेले असते. उंटाच्या तोंडासारखे तोंड असलेला तो ‘उष्ट्रमुख’, हे ह्या प्रकारचे परंपरागत उदाहरण होय. इंग्रजीतही हाच लोप होतो. फरक एवढाच की इंग्रजी शेवटी ‘-एड’ हा प्रत्यय लावून विशेषण सिद्ध करते, तर संस्कृतात मूळ ‘अक्षि’ शब्दाचे रूपच पालटून ‘अक्ष’ व स्त्रीलिंगी ‘अक्षी’ असे होते. पाणिनीने (५.४.११३) हा फेरबदल सांगताना तो शब्द स्वतःच्या शरीराच्या अवयवाचा वाचक असावा, अशी अट घातली आहे. जेथे ‘अक्षि’ शब्द प्रत्यक्ष पाहण्याच्या इंद्रियासाठी नसून केवळ आकाराच्या साम्यावरून आलेला आहे, तेथे वेगळे सूत्र आहे (५.४.७६), आणि ‘सिद्धान्तकौमुदी’त त्याचे उदाहरण ‘गवाक्ष’ हे दिले आहे. गाईच्या डोळ्यासारखी ती गवाक्ष, म्हणजे खिडकी. जाता जाता हेही नोंदवण्यासारखे आहे की इंग्रजी ‘विंडो’ हा शब्दही प्राचीन नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या समासापासून आला आहे, आणि फ्रेंच वास्तुशिल्पात गोल झरोक्याला ‘बैलाचा डोळा’ म्हणतात. भिंतीला डोळा द्यावा, असे एकमेकांपासून दूर असलेल्या लोकांना सुचले, हे मौजेचे खरे.

मराठीने ही समासपद्धती स्वतःच्या बळावर फारशी वाढवली नाही. ‘डोळा’ हा मराठीचा घरगुती शब्द प्राकृतातील ‘डोल’ ह्या शब्दाशी निगडित आहे, ‘अक्षि’शी नव्हे, आणि त्यापासून बनलेले समास पाहिले तर ‘एकडोळ्या’, ‘घारडोळ्या’ असे, बहुधा व्यंग किंवा वेगळेपण दाखविणारे शब्द समोर येतात. स्तुती करावयाची झाली की मराठी एकतर संस्कृताकडे धाव घेते, नाहीतर समास सोडून ‘टपोऱ्या डोळ्यांची’, ‘काळ्याभोर डोळ्यांची’ असा मोकळा शब्दसमूह योजते. अनुवादकाने ह्या दुसऱ्या वाटेचा विचार अधिक केला पाहिजे. त्याची कारणे पुढे येतील.

आता इंग्रजी अर्थ. कोशांत ‘डो-आइड’चा अर्थ साधारणपणे ‘मोठे, काळसर व सौम्य डोळे असलेली’ असा दिलेला असतो. हा झाला वाच्यार्थ. प्रयोगात मात्र त्यावर तीन थर चढतात. पहिला थर निरागसतेचा: जगाची ओळख न पटलेली दृष्टी. दुसरा थर भाबडेपणाचा: जी फसवली जाईल अशी, स्वतः काही न ठरवणारी. तिसरा थर मोठा मार्मिक आहे; तो आहे निरागसतेच्या सोंगाचा. एखादी व्यक्ती काही तरी साधून घेण्याकरिता ‘डो-आइड’ नजरेने पाहते, असे इंग्रजी लेखक लिहितो तेव्हा त्याला त्या नजरेवर विश्वास ठेवावयाचा नसतो. १९५० च्या जानेवारीत अमेरिकेतील ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर एर्विन ब्लूमेनफेल्ड ह्या छायाचित्रकाराचे जीन पॅचेट हिचे जे चित्र आले, त्यात चेहऱ्याचा एक डोळा, ओठ व तीळ एवढेच उरवले होते, आणि ते ‘डो आय’ ह्या नावाने ओळखले गेले. पापणीच्या कडेवर काजळरेषा बाहेरच्या अंगास लांबवून साधलेली ती शैली त्या काळात चांगलीच रूढ झाली. हरिणीचा डोळा येथे जन्मजात उरला नाही. तो कुंचल्याने काढता येण्याजोगा झाला. निरागसतेच्या सोंगाचा अर्थ समजावून घेण्यास ह्याहून चांगले चित्र सापडणे कठीण.

ह्या विशेषणाचे शेजारीही पाहिले पाहिजेत, कारण मराठी अनुवादात त्यांची सरमिसळ होते. ‘वाइड-आइड’ म्हणजे विस्मयाने डोळे विस्फारलेला, आणि त्यावरून अनुभवशून्य. ‘ड्यूई-आइड’ म्हणजे दवाने भिजल्यासारखे डोळे असलेला, आणि त्यावरून सहज गहिवरणारा, प्रसंगी अवाजवी भावविवश. ‘मिस्टी-आइड’मध्ये अश्रूंचा पडदा आहे, बहुधा आठवणींनी आलेला. ‘स्टारी-आइड’मध्ये तारे आहेत, पण ते आकाशातले नसून स्वप्नातले. ह्या चौघांत डोळ्यांची स्थिती क्षणिक असते. प्रसंग ओसरला की ती ओसरते. ‘डो-आइड’ मात्र मुळात डोळ्यांच्या ठेवणीचे वर्णन आहे, आणि ठेवणीवरून स्वभाव ठरवण्याची घाई त्या शब्दात दडलेली आहे. सुंदर डोळ्यांची व्यक्ती कपटी नसेलच असे नाही. पण हे विशेषण वापरणारा लेखक वाचकाला तसे मानावयास लावतो, किंवा तसे मानल्याबद्दल पुढे त्याची फजिती करतो.

मोठ्या डोळ्यांना निष्पापपणा का चिकटला, ह्याचे एक उत्तर ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोन्राट लोरेन्त्स ह्यांनी १९४३ मध्ये सुचवले. मोठे कपाळ, मोठे व खालच्या बाजूस बसलेले डोळे, गुबगुबीत गाल ही तान्ह्या बालकाची लक्षणे दिसली की माणसाच्या मनात वात्सल्य व रक्षणाची प्रवृत्ती जागी होते, आणि तीच लक्षणे प्राण्यांत आढळली तरी तसेच होते, असा त्यांचा सिद्धान्त होता. फेलिक्स साल्टेन ह्यांच्या १९२३ च्या जर्मन कादंबरीतील ‘बाम्बी’ हे पाडस १९४२ मध्ये डिस्नेच्या चित्रपटात आले तेव्हा त्याचे डोळे निसर्गाने दिले त्यापेक्षा पुष्कळच मोठे करून रेखाटले होते. पाश्चात्त्य मनातील हरिण आज बव्हंशी हे आहे: आई गमावलेले, अजाण, रक्षणास पात्र.

संस्कृत काव्यातील हरिणी ह्याहून निराळी. तेथे साधर्म्याचे मुख्य अंग आकार हे आहेच, परंतु त्याहून अधिक महत्त्व चांचल्याला आहे. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीचे वर्णन करताना कालिदास असा प्रश्न उभा करतो की, तिची ती चंचल दृष्टी तिने हरिणींपासून घेतली की हरिणींनी तिच्यापासून. ‘मेघदूता’त यक्षपत्नीच्या दृष्टीला भ्यालेल्या हरिणीच्या दृष्टीची उपमा आहे. दोन्ही ठिकाणी डोळा स्थिर नाही, हलता आहे. ज्याला संस्कृतात ‘चकित’ म्हणतात, ती ही अवस्था: चाहूल लागलेली, पळण्याच्या बेतात असलेली, पण अद्याप न पळालेली. मराठीत ‘चकित’ म्हणजे आश्चर्यचकित असा अर्थ रूढ झाल्यामुळे भयाची ती जुनी छटा आज लक्षात येत नाही. भाबडेपणा तर ह्या उपमेत कोठेच नाही. असलीच तर अतिसावधता आहे. शिवाय ‘मृग’ शब्दाचा मूळ अर्थ वन्य पशू एवढाच असून तो पुढे हरिणापुरता आकुंचित झाला. ‘एण’, ‘कुरंग’, ‘सारंग’ असे त्याचे सोबती आहेत. संस्कृत कवीच्या डोळ्यांसमोर बव्हंशी उघड्या माळरानावरचे काळविटासारखे कुरंग असावेत, दाट अरण्यातले नव्हेत. इंग्रजी ‘डो’ मात्र तेथील उपवनांतून पाळलेल्या फॅलो हरिणाची मादी. शिकाऱ्याच्या टापूतला प्राणी आणि जमीनदाराच्या कुंपणातला प्राणी ह्यांच्या नजरेत फरक पडावा, हे साहजिक आहे.

इतर भाषांचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. फारसी कवितेत ‘आहूचश्म’ हा शब्द हरिणनेत्रेसाठी आहे. अरबीत ‘हूर’ शब्दाच्या मुळाशी डोळ्यांतील पांढऱ्या व काळ्या भागांचा ठळक विरोध ही कल्पना आहे, आकार किंवा भीती नव्हे. होमरने हीरा देवीला ‘गाईसारख्या डोळ्यांची’ म्हटले, आणि इंग्रजी अनुवादकांची त्यामुळे पंचाईत झाली, कारण इंग्रजीत स्त्रीला गाईची उपमा देणे म्हणजे तिचा उपमर्द करणे. मराठी वाचकाला मात्र होमरचा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणारी आहे.

प्रत्यक्ष हरिणाचा डोळा काय सांगतो? त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना बसलेले असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. बाहुली आडवी असते, त्यामुळे क्षितिजाचा पट्टा विशेष नजरेत राहतो. माणसाच्या डोळ्यात बुबुळाभोवतीचा पांढरा भाग सदैव दिसतो व त्यामुळे तो कोणीकडे पाहत आहे हे कळते. हरिणाच्या डोळ्यात तो पापणीआड असतो आणि सगळा डोळाच काळाभोर भासतो. नजर कोठे आहे हे न कळल्यामुळे पाहणारा त्या डोळ्यात स्वतःच्या मनातले वाचतो. दुसरी बाब अश्रूंची. सांबर, काळवीट इत्यादी प्राण्यांच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापुढे एक खाच असते. ती गंधस्राव करणारी ग्रंथी असून झुडपांवर खूण ठेवण्याच्या कामी येते. तिचा अश्रूंशी संबंध नाही. परंतु युरोपात तिला अश्रूंचे स्थान मानले गेले, फ्रेंच भाषेत तिचे नावही अश्रूंवरूनच पडले, आणि शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’ ह्या नाटकात जखमी हरिण ओढ्याकाठी टपोरे अश्रू ढाळीत असल्याचे वर्णन आले. ‘डो-आइड’ शब्दामागील करुणेचा एक झरा ह्या गैरसमजातून वाहतो.

ह्या सर्व विवेचनाची कसोटी पाहण्यास यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यासारखे ठिकाण उपयुक्त आहे. कारण तेथे हरिण हे काव्यातले उपमान नसून शेजारी आहे. तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. केळापूर गाव जवळच असून ते जगदंबेच्या मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. दक्षिणेस पाटणबोरीच्या पुढे तेलंगणाची सीमा लागते. ह्या भागात वऱ्हाडी मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू ह्या चार भाषा एकमेकींच्या कानावर पडतात. शेवटच्या तिन्ही द्रविड कुळातल्या असून त्यांतील डोळ्यासाठीचा शब्द एकाच मुळाचा आहे. वऱ्हाडीत अनेकांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ व ‘ण’चा ‘न’ होतो. डोळा हा ‘डोया’ होतो, हरिण ‘हरन’ होते, आणि केळापूरही ‘केयापूर’ होते. ‘हरिणाक्षी’ हा शब्द ह्या बोलीत शिरूच शकत नाही. शिरला तर नाटकात म्हणून शिरतो.

केळापूर व घाटंजी ह्या तालुक्यांत टिपेश्वरचे अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर व त्यांच्या मागोमाग वाघ अशी तेथील सृष्टी. वाघाचे भय ह्या परिसराला किती जवळचे आहे हे सर्वांना ठाऊक झाले ते पांढरकवडा-राळेगाव भागातील ‘अवनी’ ह्या वाघिणीमुळे. तिला २ नोव्हेंबर २०१८ रोजी ठार मारण्यात आले. परंतु कापूस, तूर, ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याचे रोजचे भांडण वाघाशी नसून रोह्याशी असते. रोही म्हणजे नीलगाय. शास्त्रीय दृष्ट्या ती हरिणही नव्हे आणि गायही नव्हे, कुरंगवर्गातली आहे. तरी तिला शास्त्रज्ञांनी दिलेल्या ‘बोसेलाफस’ ह्या नावाचा अर्थ ‘बैल-हरिण’ असाच होतो, हा योगायोग ह्या लेखाच्या विषयास फारच अनुकूल. रात्री जागल करणारा शेतकरी मचाणावरून बॅटरीचा झोत टाकतो, आणि तुरीच्या ओळींतून डोळ्यांच्या जोड्या चमकून उठतात. दृष्टिपटलामागचा परावर्तक पडदा तो प्रकाश परत फेकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्या प्राण्यास हात लावता येत नाही. नुकसानभरपाई वनखात्याकडे अर्ज करून मिळवावी लागते. हरिणीच्या डोळ्यांत निरागसता पाहण्यास लागणारी फुरसत ह्या माणसाजवळ नाही. त्याच्या दृष्टीने त्या डोळ्यांची पहिली खूण म्हणजे त्यांची संख्या: एक जोडी की दहा.

मग अशा बोलीत निष्पाप डोळ्यांसाठी काय आहे? मराठीची संपत्ती येथे थोडी नाही, फक्त ती संस्कृत समासांच्या आड झाकली गेली आहे. ‘कावरेबावरे’ हा शब्द घ्यावा. चाहूल लागून इकडेतिकडे भिरभिरणारी नजर त्यात नेमकी येते. कालिदासाच्या हरिणीचा तोच खरा मराठी पर्याय होय. ‘भाबडा’ ह्यात विश्वासूपणा आहे व फसण्याची शक्यताही आहे. इंग्रजी शब्दाचा दुसरा थर त्यात जवळजवळ पूर्णपणे उतरतो. ‘निरागस’ची व्युत्पत्ती ‘आगस्’, म्हणजे अपराध, नसलेला अशी आहे. हा शब्द स्वच्छ आहे, त्यात उपहास मिसळत नाही, म्हणून तो पहिल्या थरापुरताच योजावा. ‘टपोरे’ आकार सांगते आणि कौतुक करते. ‘बटबटीत’ तोच आकार सांगून नाक मुरडते. आणि ‘पाणीदार’ हा तर अनुवादकासाठी मांडलेला सापळाच आहे. मोत्याचे पाणी, तलवारीचे पाणी ह्यांतले हे पाणी म्हणजे तेज. पाणीदार डोळ्यांत अश्रू नसतात, बाणा असतो. ‘ड्यूई-आइड’साठी ‘पाणीदार’ लिहिणाऱ्याने हळव्या मुलीला करारी करून टाकलेले असते. तेथे ‘पाणावलेले’, ‘डबडबलेले’ किंवा नुसते ‘ओलसर’ हे शब्द हवेत.

आणि निष्पापतेचे उपमान? ते मराठीत हरिण नव्हे, गाय आहे. ‘गरीब गाय’ हा प्रयोग सर्वश्रुत आहे. त्यातील ‘गरीब’ म्हणजे निर्धन नव्हे, कोणास न दुखावणारी. हरिणीला मराठी मनाने वेगळी भूमिका दिली. नामदेवांच्या एका प्रसिद्ध अभंगात पेटलेल्या रानातली हरिणी आपल्या पाडसाच्या काळजीत आहे. म्हणजे ती आई आहे, अजाण मुलगी नव्हे. तेव्हा इंग्रजी ‘डो-आइड’ मूल मराठीत आणावयाचे असेल तर पाडसाचे किंवा वासराचे डोळे आणावेत, हरिणीचे नव्हेत. वऱ्हाडी पात्राच्या तोंडी ‘वासरावानी डोये’ हे शोभेल. ‘मृगनयनी’ शोभणार नाही.

हा विषय केवळ शैलीचा राहत नाही, ह्याचे कारण ही विशेषणे जिवंत माणसांना लावली जातात. केळापूरच्या परिसरात कोलामांची वस्ती आहे. महाराष्ट्रात विशेष दुर्बल म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. इतर दोन कातकरी व माडिया गोंड. आदिवासी मुलीचे वर्णन आले की इंग्रजी प्रवासवर्णनकार ‘डो-आइड’ लिहून मोकळा होतो आणि मराठी लेखक त्याच्यामागून ‘हरिणाक्षी’ लिहितो. पहिल्याने तिला भोळी ठरविलेली असते, दुसऱ्याने शोभिवंत. ती काय पाहते आहे, हे दोघांनीही विचारलेले नसते. तीच गोष्ट ह्या तालुक्यातील कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वृत्तान्तांची. मागे राहिलेल्या पत्नीच्या छायाचित्राखाली ‘भावपूर्ण डोळे’ असे छापले जाते. ‘भावपूर्ण’ हा शब्द इतका झिजला आहे की तो श्रद्धांजलीच्या जाहिरातीतून उठून सरळ चेहऱ्यावर येऊन बसतो. सावकाराचा हिशोब, मुलांची शाळा, पुढच्या पेरणीचे बियाणे ह्यांचा मेळ घालीत असलेल्या स्त्रीची नजर भावाने भरलेली असते असे नव्हे. पुष्कळदा ती हिशोबाने भरलेली असते. तेथे डोळ्यांना विशेषण न देता त्या काय करीत होत्या तेवढे लिहिले, तरी वर्णन पुरे होते.

तिसऱ्या थराविषयी, म्हणजे सोंगाविषयी, एक व्यावहारिक सूचना शिल्लक राहते. इंग्रजी वाक्यात एखादी साक्षीदार न्यायालयात ‘डो-आइड’ नजरेने पाहू लागली असे आले, तर ‘निरागस’, ‘भाबडी’, ‘कावरीबावरी’ हे तिन्ही शब्द चुकतील; कारण लेखकाला तिचे डोळे नव्हे, तिचा बेत सांगावयाचा आहे. ‘तिने डोळ्यांत भोळेपणाचा आव आणला’ हे वाक्य लांब असले तरी मराठी आहे. त्यात हरिण आलेच नाही, आणि त्याचे वाचकाला काही उणे वाटत नाही.